प्रॉपेलर मागे असलेलं छोटं विमान कंपनीने का सोडलं?

प्रश्न असा आहे: "आम्ही चौघं मुंबईत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सिरस कंपनीच्या व्हीके-30 या जुन्या विमानाची चित्रं पाहिली. इंजिन मधोमध, प्रॉपेलर थेट शेपटीच्या टोकाला, नाक एकदम गुळगुळीत. असं विमान वेगवान आणि किफायतशीर असायला हवं. मग कंपनीने ते सोडून का दिलं? आणि त्याच धर्तीवर आम्ही दोन आसनी विमान प्रोजेक्ट म्हणून बांधायला घेतलं तर?"

मी डिझायनर नाही. जुहू आणि सांताक्रूझच्या हँगरांत पिस्टन इंजिनं आणि प्रॉपेलर यांच्या देखभालीत माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. विमान कागदावर कसं दिसतं यापेक्षा ते उडून आल्यावर काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडलं की आत काय सापडतं, हे मला जास्त कळतं. उत्तर त्याच बाजूने देतोय.

व्हीके-30 हे क्लॅपमायर बंधू आणि जेफ व्हायकेन यांचं बाळ. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या शेतावरच्या एका गोठ्यात त्यांनी काम सुरू केलं. 1987 मध्ये ऑशकॉशच्या विमानांच्या जत्रेत ते लोकांसमोर आलं, 11 फेब्रुवारी 1988 ला पहिल्यांदा उडालं. विमान तयार मिळत नव्हतं, किट मिळायचं, घरी बांधायचं. 1993 मध्ये किट विकणं बंद झालं. त्याच लोकांनी पुढे एसआर-20 केलं, त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच घराण्यातलं एसआर-22 आज जगभर दिसतं. एसआर-20 ला प्रॉपेलर कुठे आहे? पुढे. चाकं आत जातात? नाही, कायम बाहेर. पुशर, म्हणजे मागे प्रॉपेलर असलेलं विमान, स्वतः बांधून, उडवून, विकून पाहिलेल्या माणसांनी पुढचं विमान इतकं साधं केलं, यातच निम्मं उत्तर आलं.

उरलेलं निम्मं समजून घ्यायला पुशरची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पुढचा प्रॉपेलर जी हवा मागे फेकतो ती काचेवर, धडावर घासत जाते आणि तेवढा अवरोध वाढतो. पुशरमध्ये धडाला शांत हवा मिळते. पायलटसमोर इंजिन नसल्याने नजर मोकळी. धूर आणि आवाजाचा मोठा भाग मागे राहतो. प्रॉपेलर गुरुत्वमध्याच्या मागे असल्यामुळे तो थोडा शेपटीसारखं काम करतो, विमान स्थिर राहायला मदतच होते. राइट बंधूंचं 1903 चं विमानही पुशरच होतं. आपल्याकडे 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून नैनीला जी पहिली हवाई टपाल गेली, तीही हंबर कंपनीच्या पुशर बायप्लेननेच.

या फायद्यांची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती आधी उष्णतेत मोजावी लागते. हवेने थंड होणाऱ्या लायकमिंगसारख्या इंजिनाला सिलिंडर हेडच्या तापमानाची मर्यादा 500 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 260 सेल्सियस असते; तिथवर जाऊ देणं शहाणपणाचं नाही. प्रॉपेलर पुढे असेल तर विमान जमिनीवर उभं असतानाही तो सिलिंडरांवर वारा घालत राहतो. मागे असेल तर जमिनीवर हवा आत ढकलायला कोणी नाही, जी काही ओढली जाईल तेवढीच. मुंबईत मे महिन्यात दुपारी टॅक्सी-वेवर दोन जेट विमानांच्या मागे रांगेत उभं राहायचं आहे, असं डोळ्यांसमोर आणा. सुई लाल रेषेकडे सरकते आणि पायलटच्या हातात काहीच नसतं. उड्डाणातही हवा पोटाखालच्या किंवा बाजूच्या तोंडातून आत घ्यावी लागते, तिथे ती आधीच धडावर घासून मंदावलेली असते. मागच्या सिलिंडरांना कमी, पुढच्यांना जास्त, असा पंक्तिभेद होतो. घरी बांधलेल्या पुशरांच्या मालकांशी बोला. त्यांची निम्मी हयात बॅफल, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वळवणारे पत्रे, कापण्यात आणि फटी बुजवण्यात जाते.

मग प्रॉपेलर ज्या हवेत फिरतो ती हवा. धड शांत हवेत आहे याचा अर्थच असा की प्रॉपेलर धडाने आणि पंखाने ढवळलेल्या हवेत आहे. प्रत्येक पातं प्रत्येक फेरीत पंखाच्या मागच्या मंद हवेच्या पट्ट्यातून जातं. दर वेळी त्याच्यावरचा भार एकदम बदलतो. पुशरचा तो करवतीसारखा आवाज, जो खालून ऐकला की विमान न बघताही ओळखता येतो, त्याचं कारण हेच. आवाज सोसता येतो. पण भार बदलत राहणं म्हणजे धातूचा थकवा.

आता हँगरमधली गोष्ट. प्रॉपेलरच्या पात्याची पुढची कड बोटाने हळूच चाचपत जायची, ही आमची रोजची सवय. नखाला अडेल एवढीशी खाच सापडली तरी ती बारीक कानशीने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून उतरती करायची, मग पॉलिश पेपर, मग तडा नाही ना हे पाहायला रंगद्रव्याची तपासणी. खाच टोकदार राहिली तर ताण तिथेच साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. पुशरमध्ये या खाचा जास्त सापडतात, कारण नाकाखालच्या आणि पंखाखालच्या चाकांनी उडवलेला प्रत्येक खडा सरळ पात्यात जातो. एवढंच नाही. काऊलिंगचा एक स्क्रू सुटला, इंधनाच्या टाकीचं झाकण नीट बसलं नाही, तर पुढच्या प्रॉपेलरच्या विमानात ते मागे उडून शेतात पडतं. पुशरमध्ये ते पात्यावर आदळतं. मोटर लावलेल्या ग्लायडर-पंखाच्या ट्राइकमध्ये तर माणसं उघड्यावर बसतात आणि पंखा पाठीमागेच असतो, म्हणून तिथे उडण्याआधी प्रवाशाच्या खिशातला मोबाईल, टोपी, पेन सगळं काढून घेतात किंवा चेन लावून बंद करतात. एक्झॉस्टही अनेकदा पात्यांवरून जातो. पात्यांवर काजळीचे पट्टे दिसतात आणि मुळाशी धातू तापत राहतो.

मुंबईकराने पावसाचा विचार वेगळा करायला हवा. लाकडी पातं भर पावसात पूर्ण वेगाने फिरवलं की पुढच्या कडेचा रंग आणि खालचं लाकूडही खरवडून निघतं; पुढे-मागे दोन्हीकडे हे होतं. पण पुशरांपैकी बरेच जण नाकापाशी छोटा पंख घेऊन येतात, ज्याला कॅनार्ड म्हणतात. अमेरिकी डिझायनर बर्ट रुटान यांची व्हॅरिईझी आणि 1979 ची लाँग-ईझी ही त्याची गाजलेली उदाहरणं. त्यांच्या कॅनार्डचा मूळ छेद असा होता की त्यावर पावसाचे थेंब बसले की त्याची उचल कमी व्हायची आणि नाक खाली जायचं. पायलटला दांडी मागे धरून उडावं लागायचं. जॉन रॉन्झ यांनी नवा छेद काढला तेव्हा ही अडचण सुटली. कोरड्या मोहावी वाळवंटात जन्मलेलं विमान पावसात कसं वागेल, हे आधी फारसं जाणवलं नसावं. जुलैत कोकणपट्टीवर उडायचं असेल तर ही तळटीप राहत नाही, पहिल्या पानावर येते.

वजनाचा तोल हा प्रकार आणखी चिवट. इंजिन मागे गेलं की माणसांना पुढे बसवूनच हिशेब जुळतो. दोन माणसं बसली की ठीक, एकटा हलका पायलट बसला की गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून लाँग-ईझी रिकामी उभी करताना पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवून ठेवतात, नाहीतर शेपटीवर बसते. हलक्या पायलटला नाकात शिसं ठेवावं लागतं. गुरुत्वमध्य मागे गेलेलं विमान स्टॉलमधून, म्हणजे वेग घटून पंखांची उचल सुटते त्या अवस्थेतून, परत येईलच असं नाही, आणि हे कुणा नवशिक्याच्या बाबतीतच होतं असं नाही. अंतराळयानाचे कमांडर राहिलेले रॉबर्ट ओव्हरमायर 22 मार्च 1996 ला डुलुथजवळ व्हीके-30 वर नेमकी हीच चाचणी करत असताना गेले, गुरुत्वमध्य मागे ठेवून स्टॉल. त्यांच्याहून जास्त अनुभव तुमच्या चौघांपैकी कुणाकडे आहे, हे स्वतःला विचारा.

आणि आता शाफ्ट. तुम्ही चित्रात इंजिन मधोमध आणि प्रॉपेलर शेपटीला पाहिलात, मधली लांब दांडी तुम्हाला साधी वाटली असेल. व्हीके-30 सारखं डिझाईन तिथेच तगतं किंवा मरतं.

चार सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला दोन वेळा धक्का देतं. 2400 आरपीएमला हे सेकंदाला 80 धक्के झाले. इंजिन पुढे आणि प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टला बोल्टने बसवलेला असेल तर सगळं एकत्र, आखूड आणि ताठ असतं. धक्के प्रॉपेलरच्या जडपणात विरून जातात. मध्ये दीड-दोन मीटरची दांडी घातली की ती पिळली जाणारी स्प्रिंग होते. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला प्रॉपेलर, दोघेही जड. या जोडीला स्वतःची एक लय असते. ती लय आणि इंजिनाचे धक्के कुठल्याही आरपीएमला जुळले, की दांडी त्या प्रत्येक धक्क्याबरोबर पुढे-मागे पिळली जाते, आणि पिळण्याचं प्रमाण वाढतच जातं. तुम्हाला कॉकपिटमध्ये काही विशेष जाणवेलच असं नाही, कारण हे कंपन आडवं-उभं हलवत नाही. ते फक्त पिळतं. मग कधीतरी कपलिंगचे दात जातात, बेल्ट फाटतो, किंवा दांडीच तुटते, बहुधा चावीच्या खाचेतून किंवा जिथे व्यास एकदम बदलतो तिथून.

यावर दोनच मार्ग आहेत. दांडी इतकी ताठ करायची की तिची लय इंजिनाच्या सगळ्यात वरच्या वेगाच्याही पलीकडे जाईल. पण मग ती जाड आणि जड होते, आणि वजन नेमकं शेपटीकडे जातं, जिथे ते नको आहे. किंवा मध्ये इतकं मऊ कपलिंग घालायचं की लय आयडलच्याही खाली जाईल आणि इंजिन सुरू करताना तिच्यातून झटकन पार होता येईल. मोल्ट टेलर यांनी आपल्या शेपटीला प्रॉपेलर असलेल्या छोट्या विमानांत फ्लेक्सिडाईन नावाचं औद्योगिक कपलिंग वापरलं. त्याच्या पोटात पोलादी बारीक छरे असतात. सुरुवातीला ते सरकतात, वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने एकमेकांना घट्ट बसतात. कारखान्यातल्या कन्व्हेयरसाठी बनलेली वस्तू विमानात! पण चालली, म्हणून टेलर यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

जिम बीड यांच्या बीडी-5 ची गोष्ट याच्या उलट. इवलंसं एक आसनी विमान, पहिलं उड्डाण 12 सप्टेंबर 1971 ला. 5000 हून जास्त किटं विकली गेली. इंजिन पायलटच्या मागे, तिथून बेल्टने आणि शाफ्टने प्रॉपेलर. इंजिन पुरवणारी जर्मन कंपनी हिर्थ 1974 मध्ये बुडाली, लोकांच्या गॅरेजमध्ये बिनइंजिनाची धडं पडून राहिली. मग प्रत्येकाने मिळेल ते इंजिन बसवलं. प्रत्येक वेगळ्या इंजिनाचे धक्के वेगळे, त्यामुळे पिळण्याची लय वेगळी, म्हणजे ड्राइव्हचा सगळा प्रश्न पहिल्यापासून सोडवायचा. उडालेली विमानं शेकड्यांत मोजावी इतकीच. त्या काळात रुटान स्वतः बीड यांच्याकडे चाचण्या पाहत होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःच्या पुशरांत इंजिन पार मागे नेलं आणि प्रॉपेलर इंजिनाजवळच ठेवला, लांब शाफ्ट टाळला, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

लिअर फॅनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपत नाही. लिअरजेटवाले बिल लिअर यांचं शेवटचं स्वप्न: सगळं कार्बन फायबरचं धड, आत दोन टर्बाइन इंजिनं, आणि दोघांची ताकद एका गिअरबॉक्समधून शेपटीच्या एका प्रॉपेलरला. लिअर 1978 मध्ये गेले, पत्नी मोया यांनी काम पुढे रेटलं. ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधल्या कारखान्यासाठी पैसे देताना 1980 संपायच्या आत उडवण्याची अट घातली होती. विमान उडालं 1 जानेवारी 1981 ला. कागदावर तारीख पडली 32 डिसेंबर 1980. सरकारी कामात पळवाटा काढणारे फक्त आपल्याकडेच असतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढे अडलं ते गिअरबॉक्सवर. दोन इंजिनं असण्याचा उपयोग एक बंद पडलं तर दुसऱ्याने घरी येण्यासाठी. पण दोघांच्या आणि प्रॉपेलरच्या मध्ये गिअरबॉक्स एकच. तो गेला की दोन्ही इंजिनं असून नसल्यासारखी. मान्यता मिळाली नाही, 1985 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तीन विमानं तेवढी बनली.

आपल्या सारसचं नाव कुणीतरी काढेलच. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेचं ते चौदा आसनी, मागे दोन टर्बोप्रॉप असलेलं विमान 29 मे 2004 ला पहिल्यांदा उडालं. रिकामं वजन 4125 किलो ठरवलं होतं, नमुना भरला पाच हजारांच्या वर. मार्च 2009 मध्ये दुसरा नमुना बिडदीजवळ कोसळला आणि हवाई दलाचे तिघे गेले. तो अपघात हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत झाला, आणि चौकशीत त्या कृतीच्या आखणीवर बोट ठेवलं गेलं. पुशर होतं म्हणून पडलं, असं म्हणणं त्या विमानावर अन्याय आहे. जास्तीचं वजन मात्र पुशरांच्या जुन्या दुखण्याच्याच जातीचं: मागे एक किलो वाढला की तोल राखायला पुढे काहीतरी वाढवावंच लागतं.

एवढं सगळं वाचून पुशर म्हणजे फसलेली कल्पना असं वाटेल. तसं नाही. पुशर कुठे टिकला ते पाहा. पहिल्या महायुद्धात डीएच-2 सारखी पुशर लढाऊ विमानं का आली? नाकात बंदूक हवी होती आणि पुढे प्रॉपेलर असला की गोळ्या पात्यांवर लागायच्या. पात्यांमधून नेमक्या वेळी गोळी सोडणारी यंत्रणा आली आणि पुशर लढाऊ विमानांची गरज संपली. 1979 मध्ये इंग्लंडमध्ये एजली ऑप्टिका उडालं: पुढे काचेचा फुगा, मागे डक्टमधला, म्हणजे गोल कड्यात बसवलेला, पंखा. पोलिसांना आणि पाइपलाइन तपासणाऱ्यांना खाली बघायचं होतं म्हणून. कंपनी बुडाली, पण विमानाचा युक्तिवाद पक्का होता. नाकाचं दुसरं काही महत्त्वाचं काम असतं, तेव्हा पुशरची किंमत मोजणं परवडतं. नुसत्या वेगासाठी आणि देखणेपणासाठी जे पुशर झाले, ते जवळपास सगळे सोडून दिले गेले. बीचक्राफ्टचं स्टारशिपही त्यातलंच: 53 बनली, 1995 मध्ये उत्पादन संपलं.

आणि मग आपल्याकडचं उदाहरण, ज्यावर तुम्ही खरं तर वेळ घालवावा. 1980 च्या दशकात एनएएलमध्ये प्रा. रुस्तम दमानिया यांच्या गटाने लाँग-ईझीवर बेतलेलं एक हलकं कॅनार्ड पुशर विमान केलं, एलसीआरए. संशोधनासाठी उडालं, बाजारात कधी आलं नाही. आपल्याकडे दोन आसनी विमानांना गिऱ्हाईक होतंच कुठे? पुढे डीआरडीओने त्याच आराखड्यातून मानवरहित रुस्तम-1 घडवलं आणि दमानियांचंच नाव दिलं. नोव्हेंबर 2009 मध्ये होसूरला पहिल्या उड्डाणात उतरताना आपटलं, ऑक्टोबर 2010 मध्ये नीट उडालं. माणूस काढून टाकल्यावर या आराखड्याचे बहुतेक दोष गळून पडले. पायलटचं वजन बदलत नाही. नाकात कॅमेरा बसतो, त्याच्यासमोर पातं फिरत नाही, धुराची झळ लागत नाही. आपल्या सैन्यदलांकडचं हेरॉन आणि अमेरिकेच्या हवाई दलाने 2018 मध्ये निवृत्त केलेलं प्रिडेटर, दोन्ही मागे प्रॉपेलर असलेली, दोन्हीत रोटॅक्स 914 इंजिन, ज्याचे सिलिंडर हेड पाण्याने थंड होतात. ज्या दुखण्याने छोटी पुशर विमानं मेली त्यावर औषध मिळालं, तोवर आत बसणाऱ्याची गरजच राहिली नव्हती.

तर तुमच्या प्रोजेक्टबद्दल. माणूस बसेल असं विमान घेऊ नका. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या विमानाचा प्रॉपेलर पुढे आहे, 2016 ला ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडियात मांडलं होतं, आणि नोंदणी मिळायला 2017 उजाडलं. प्रॉपेलर पुढे असतानाही विमानांना परवानगी देणाऱ्या डीजीसीएच्या दारात इतका काळ गेला. तुमच्याकडे आठ महिने आहेत.

व्हीके-30 च्या धर्तीवरचं मानवरहित मॉडेल करा, दोन-अडीच मीटर पंखविस्ताराचं. इंजिन घेऊ नका, विजेची मोटर घ्या. मोटर फेरीला दोन धक्के देत नाही, एकसारखी फिरते, त्यामुळे शाफ्टचं पिळणं जवळजवळ संपतं. थंड करायचंही सोपं. त्यानंतर मुद्दाम त्याच शाफ्टला एक छोटं पेट्रोल इंजिन टेबलावर जोडा, उडवायचं नाही, आणि पिळण्याचं कंपन स्ट्रेन गेजने, म्हणजे धातूची ओढताण टिपणाऱ्या पट्टीने, मोजा. आरपीएम हळूहळू वाढवत न्या, लय कुठे जुळते ते आलेखात दिसेल. पवईत आयआयटीच्या एअरोस्पेस विभागात असली मोजणी कळणारी माणसं आहेत, मार्गदर्शकांमार्फत विचारा. टेबलाभोवती जाळी लावा आणि फिरत्या शाफ्टच्या रेषेत कुणी उभं राहू नका. मॉडेल उडवायला मुंबईच्या बाहेर जा. शहरात विमानतळ आणि नौदल यांच्यामध्ये परवानगीविना ड्रोन उडवण्याएवढी मोकळी हवा नाही.

प्रॉपेलर टेकऑफला नाक उचलताना जमिनीवर घासणार नाही ना, हे कोन मोजून पाहा, आणि त्याच्या खाली एक छोटी शेपटी-पट्टी ठेवा, ती आधी घासेल. याच कारणाने पुशरचा प्रॉपेलर लहान ठेवावा लागतो आणि धावपट्टी जास्त खातो. जुहूची सुमारे 1100 मीटरची धावपट्टी अशा विमानाला मे महिन्यात ऐसपैस वाटणार नाही.

ड्रॉइंग मला दाखवणार असाल तर जरूर दाखवा. धडाचा आकार नंतर बघू. आधी वजनाचा तक्ता लागेल, प्रत्येक भागाचं वजन आणि नाकापासूनचं अंतर, बॅटरी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे अशा दोन्ही स्थितींत.